कामात सगळ्यांत पुढे, मनात मात्र धास्ती



गेल्या जयंतीच्या आठवड्यात आम्ही चार-पाच परिचारिका मैत्रिणींनी केज तालुक्यातल्या एका बुद्धविहारात रक्तदाब आणि साखर तपासणीचे शिबिर घेतले. उसावरून परतलेली मंडळी येतील, म्हातारी माणसे येतील, असा आमचा अंदाज होता. ती आलीच. पण वहीत ज्या नावांपुढे लाल खूण करावी लागली, त्यांतली काही नावे पाहून आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. एक शिक्षक, एक तलाठी, एक आमच्याच पेशातली स्टाफ नर्स आणि एक बँकेतली अधिकारी. सगळी चाळिशीच्या आतली. ज्यांच्या निवडीनंतर गावाच्या वेशीवर अभिनंदनाचे फ्लेक्स लागले होते, तीच ही मुले.

बँकेतल्या ताईचा रक्तदाब १५८/१०० भरला. दहा मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा उतरला नाही. आम्ही झोपेबद्दल विचारले. ती म्हणाली, "ताई, सकाळी सगळ्यांच्या आधी जाते, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर निघते. कॅश टॅली झाली तरी घरी येऊन डोक्यात परत मोजते. रात्री दोनला जाग येते. वाटतं, एखादं व्हाउचर चुकलं असंल."

"कधी चुकलं का?"

"नाही. सात वर्षांत एकदाबी नाही."

"मग भीती कशाची?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "कधीतरी कळंलच की त्यांना, हिला काही येत नाही म्हणून."

सात वर्षांत एक चूक नाही, आणि तरी मनात हे. आजचा आपला पाठ याच गोष्टीवर आहे. कामात सर्वांत पुढे असणाऱ्या माणसाला आतून स्वतःबद्दलची शंका कशी पळवते, ती शंका येते कुठून आणि तिची किंमत शरीर कशी मोजते, हे आपण समजून घेऊ.

हे नेमके काय आहे?

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला. मोठ्या पदव्या मिळवलेल्या, आपापल्या क्षेत्रात नावाजलेल्या दीडशेहून अधिक स्त्रियांशी आलेल्या संबंधावर तो आधारलेला होता. या स्त्रियांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती : आपण हुशार नाही, आपण लोकांना फसवून इथवर आलो, आणि एक दिवस हे उघडे पडणार. आपल्याकडे इतिहासात तोतया हा शब्द आहे. जो नसताना तो असल्याचे सोंग घेतो, तो तोतया. या स्त्रिया खऱ्या होत्या, पण स्वतःला तोतया समजत होत्या. पुढे असे दिसले की ही भावना पुरुषांनाही होते. हा आजार नाही. मनोविकारांच्या यादीत त्याचे नाव नाही. ती मनाला लागलेली एक सवय आहे.

या सवयीचे एक चक्र असते. नवे काम अंगावर आले की पोटात गोळा येतो. मग आपण गरजेच्या दुप्पट-तिप्पट तयारी करतो. काम चांगले होते. साहेब शाबासकी देतात. आपण म्हणतो, "या वेळी निभावलं." पुढचे काम आधीपेक्षा मोठे मिळते आणि गोळाही आधीपेक्षा मोठा येतो.

खरे तर यशाने शंका कमी व्हायला हवी. ती का होत नाही? कारण यशाचे श्रेय आपण आपल्या ज्ञानाला देत नाही, भीतीला देतो. "मी घाबरले म्हणून जमलं. घाबरले नसते तर चुकलंच असतं." आपल्या आजीच्या काळी लेकराचा ताप उतरला की तो दंडाला बांधलेल्या ताईताने उतरला, असे म्हणत. ताप अंगच्या प्रतिकारशक्तीने उतरायचा, श्रेय ताईताला मिळायचे. आणि ताईत सोडून बघायची कुणाची छाती होत नसे. आपण गंडेदोरे केव्हाच सोडून दिले. पण शिकल्या-सवरल्या माणसांपैकी कितीतरी जण हा भीतीचा ताईत अजून बांधून फिरतात.

पुढील खुणा स्वतःत तपासून बघा.

– कुणी कौतुक केले की लगेच "नाही नाही, नशीब" किंवा "सगळ्यांमुळे झालं" असे तोंडून निघते.
– झालेले काम तीन-चार वेळा तपासल्याशिवाय हातावेगळे करवत नाही.
– येत नसलेली गोष्ट विचारायची लाज वाटते. रात्री जागून एकट्याने शोधून काढता.
– दुसऱ्याची ड्युटी मागितली की नाही म्हणता येत नाही.
– रजा घेतली तर चोरी केल्यासारखे वाटते.
– शंभर कामे बरोबर झाली तरी झोपताना एकच आठवते, जे थोडे कमी पडले.

यातल्या तीन-चार गोष्टी लागू पडत असतील, तर पुढचे वाचन तुमच्यासाठीच आहे.

शंका आली कुठून?

पुष्कळ पुस्तके सांगतात की हा तुमच्या मनाचा दोष आहे, आत्मविश्वास वाढवा, म्हणजे बरे वाटेल. आम्हाला हे अर्धेच पटते. २०२१ मध्ये रुचिका तुलश्यान आणि जोडी-ॲन ब्युरी या दोघींनी एका गाजलेल्या लेखात म्हटले की स्त्रियांना तुमच्यातच खोट आहे असे सांगणे थांबवा. ज्या कार्यालयात त्यांना परके वाटायला लावले जाते, त्या कार्यालयाकडे आधी बघा. आपल्याला हे नवीन नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून बडोदा संस्थानच्या नोकरीत आले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत होते. राहायला जागा मिळत नव्हती. ज्या पारशी धर्मशाळेत आसरा घेतला होता, तिथून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. बाबासाहेबांच्या ज्ञानात काही कमी नव्हते. कमी होते ते त्या कचेरीच्या माणुसकीत.

माणसाची लायकी तीच असते, पण त्याला त्याची जात आठवण करून दिली की त्याचे काम बिघडते. हे प्रयोग करूनही पाहिले गेले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर न करता कोडी दिली, तेव्हा वरच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींची मुले आणि दलित मुले यांच्यात म्हणावा असा फरक पडला नाही. मग वेगळ्या गटांत प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडील-आजोबांचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली. कोडी तशीच, वेळ तेवढाच. पण दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीय घटली. बुद्धी तीच होती. भरवर्गात जातीचा पुकारा झाला आणि हात अडखळले.

आपल्या नोकरदार मुला-मुलींच्या बाबतीत हा पुकारा रोज होतो. "कोट्यातून ना?" असे कुणी हसत विचारतो. कुणी आडनाव दोनदा विचारून घेतो. अशा जागी काम करणारा माणूस शंभर टक्के काम करून थांबत नाही, दीडशे टक्के करतो. त्याला वाटते, माझी एक चूक ही माझी एकट्याची राहणार नाही, ती सगळ्या समाजाच्या नावावर लिहिली जाईल. ही शंका त्याने जन्मतः आणलेली नाही. त्याच्या हातात ती दिली गेली आहे.

बीडच्या घरातला खाडा

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. दसरा-दिवाळी आली की आपली माणसे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस कामावर आले नाही की तो खाडा, आणि खाड्याचे पैसे हिशेबात कापले जातात. ताप असो, पाळी असो, पोटातले बाळ असो. बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. शासनाच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्याला कारणे अनेक आहेत. पण विश्रांती घेतली तर मजुरी बुडते, ही धास्ती त्यातली एक मोठी गोष्ट आहे.

आमची आई ऊस तोडायची. पायात उसाचे पाचट शिरून पाय सुजला तरी ती फडात उभी राहायची. "खाडा झाला तर मुकादम उचलीत धरतो, माय," एवढेच म्हणायची. तिची भीती खोटी नव्हती. खाड्याचा हिशेब खरा होता, तो शेवटच्या दिवशी वहीत दिसायचा.

पण त्या घरातली लेक नोकरीला लागली. तिला दरमहा पगार आहे, हक्काची रजा आहे. मुकादम नाही, उचल नाही. तरी ती रजा घेत नाही. किरकोळ रजा ३१ डिसेंबरला वाया जातात आणि ती अभिमानाने सांगते की मी वर्षभर एक दिवस घरी राहिले नाही. फड सुटला, पण खाड्याची भीती पदराला बांधून आली. ही भीती आईकडून आली, म्हणून ती आपल्याला भीती वाटतच नाही. ती आपल्याला संस्कार वाटते.

आमच्या हातून काय होणार होते

हे सगळे आम्ही लांबून बघून लिहीत नाही. जनरल नर्सिंगची पदविका घेऊन आम्ही एका खासगी रुग्णालयात नोकरीला लागलो. पहिल्याच आठवड्यात एक वरिष्ठ म्हणाल्या, "तुमच्यावर लक्ष ठेवावं लागतं." 'तुमच्यावर' म्हणजे कुणावर, हे विचारायची गरज नव्हती. त्या दिवसापासून आम्ही ठरवले की कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही. सलाईनचे थेंब दोनदा मोजायचे, औषधांचा तक्ता तीनदा वाचायचा, ओव्हर देताना कागद न बघता सगळे पेशंट सांगायचे. वर्षभरात आम्ही त्या वॉर्डातल्या सर्वांत भरवशाच्या सिस्टर झालो. कुणाची नाइट अडली की आमचे नाव पुढे यायचे. आम्ही कधी नाही म्हटले नाही.

अशाच एका सलग चौथ्या रात्री, पहाटे, मधुमेहाच्या एका आजींना वीस युनिट इन्सुलिन द्यायचे होते. इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या येतात, चाळीसची आणि शंभरची. चाळीसच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, शंभरच्या बाटलीला केशरी टोपणाची. आजींची बाटली शंभरची होती. आम्ही लाल टोपणाची सिरिंज घेतली आणि विसाच्या खुणेपर्यंत औषध ओढले. वीस युनिटऐवजी पन्नास युनिट झाले होते. तक्ता तीनदा वाचला होता. डोळे उघडे होते, पण मेंदू झोपला होता.

सुई टोचणार तेवढ्यात उशाशी बसलेली आजींची सून म्हणाली, "सिस्टर, रोज एवढं नसतं वो."

तिने टोकले नसते तर आजींची साखर पार तळाला गेली असती. आम्ही औषध टाकून दिले, नवी सिरिंज घेतली, बरोबर मात्रा दिली आणि मग औषधांच्या खोलीत जाऊन बसलो. हात बराच वेळ थरथरत होते. त्या दिवशी एक गोष्ट कळली. चूक होऊ नये म्हणून आम्ही जे जागत होतो, त्या जागण्यानेच चूक आमच्या हातापर्यंत आणली होती. इतके दिवस पेशंट सांभाळले ते आमच्या शिक्षणाने आणि लक्ष देण्याने. श्रेय मात्र आम्ही धास्तीला देत होतो. आणि ती धास्तीच आता पेशंटच्या जिवावर उठली होती.

शरीर हिशेब कसा ठेवते

धोका दिसला की मूत्रपिंडांच्या वर असलेल्या छोट्या ग्रंथी ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात सोडतात. हृदय जोरात चालते, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तात साखर वाढते. बांधावर साप दिसला तर हे उपयोगाचे असते. साप गेला की शरीर पुन्हा शांत होते. पण धोका 'आपले पितळ उघडे पडेल' हा असेल, तर तो साप कधी जातच नाही. तो कचेरीत असतो, जेवताना ताटापाशी असतो, अंथरुणातही असतो. शरीर सतत सावध राहते. मग ॲसिडिटी, डोके जड होणे, मान-खांदे धरणे, पाळी मागेपुढे होणे, झोप तुटणे सुरू होते. वर्षानुवर्षे असेच चालले तर रक्तदाब आणि मधुमेहाला वाट मोकळी होते.

अमेरिकेतले एक कृष्णवर्णीय साथरोगतज्ज्ञ शर्मन जेम्स यांना जॉन हेन्री मार्टिन नावाचे एक कृष्णवर्णीय शेतकरी भेटले. शिक्षण दुसरीपर्यंत. गरिबीत आणि कर्जाच्या व्यवस्थेत वाढलेला हा माणूस रात्रंदिवस राबून चाळिशीपर्यंत ७५ एकर जमिनीचा मालक झाला. पण साठी गाठण्याआधीच त्याला उच्च रक्तदाब, सांधेदुखी आणि पोटात मोठा अल्सर असे सगळे जडले होते. कृष्णवर्णीयांच्या लोककथेतही एक जॉन हेन्री आहे. वाफेच्या यंत्राशी पैज लावून तो हातोड्याने खडक फोडतो, यंत्राला हरवतो आणि तिथेच मरून पडतो. म्हणून जेम्स यांनी या झुंजत राहण्याच्या वृत्तीला 'जॉन हेन्रीइझम' हे नाव दिले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले की शिक्षण कमी आणि झुंजण्याची जिद्द फार, अशा कृष्णवर्णीय पुरुषांचा रक्तदाब जास्त होता. यात जिद्दीला दोष नाही. ज्याच्या हाती साधने थोडी आहेत, त्याच्या जिद्दीचा भार शेवटी एकट्या शरीरावर पडतो, एवढेच.

वीणेची तार

सोण हा चंपा नगरीतल्या श्रीमंत घरातला नाजूक मुलगा भिक्खू झाला. आपण कमी पडतो आहोत असे वाटून त्याने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले. तरी मनासारखे होईना, तेव्हा सगळे सोडून घरी परतावे, असे त्याच्या मनात आले. तथागतांनी त्याला बोल लावला नाही. तू पूर्वी वीणा वाजवत होतास ना, एवढेच विचारले. तार फार ताणली तर सूर लागतो का? फार सैल सोडली तर लागतो का? सोणला उत्तर माहीत होते. लक्षात घ्या, तथागतांनी त्याला प्रयत्न सोड असे सांगितले नाही. तार जुळवून घे, असे सांगितले.

आपल्याकडे जयंतीला अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. चांगला उपक्रम आहे. पण काही मुले त्याचा अर्थ रोजच झोपायचे नाही असा घेतात. बाबासाहेबांना मधुमेह होता, पाय दुखून रात्र-रात्र झोप लागत नसे, आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी अवघ्या ६५ व्या वर्षी ते आपल्यातून गेले. त्यांना विश्रांती घेऊ देणारी परिस्थिती नव्हती. त्यांचा आजार हा आपला आदर्श नव्हे. घ्यायचेच असेल तर दुसरे उदाहरण घ्या. लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध सादर केला, तेव्हा परीक्षकांनी तो तसाच स्वीकारला नाही, पुन्हा लिहायला लावला. बाबासाहेबांनी तो पुन्हा लिहिला. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली आणि त्याच वर्षी तो ग्रंथ छापूनही आला. परत आलेला कागद म्हणजे परत आलेला कागद. तो दुरुस्त करता येतो. तो आपल्या लायकीचा निकाल नसतो.

काय करावे?

१. नोंदवही ठेवा. दर शनिवारी तीन ओळी लिहा : या आठवड्यात कोणते काम नीट झाले, त्यासाठी आपण नेमके काय केले, त्यात कोणते ज्ञान वापरले. 'नशीब' हा शब्द त्या वहीत लिहायचा नाही. दोन महिन्यांनी वाचून पाहा. शंका पुरावा मागत नाही, पण आपण पुरावा ठेवू शकतो.

२. ताईत सोडून बघा. एखादे छोटे, कुणाच्या जिवाशी संबंध नसलेले काम निवडा. चार वेळा तपासता, ते एकदाच तपासा आणि सोडून द्या. काय होते ते वहीत लिहा. बहुतेक वेळा काही होत नाही. औषध, पैसा, वीज अशा कामांत मात्र नियमाने ठरलेली तपासणी करायचीच, आणि ती दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायची. थकलेल्या स्वतःकडून चौथ्यांदा तपासून घेण्यापेक्षा ताज्या डोळ्यांचा दुसरा माणूस बरा.

३. येत नसेल ते विचारा. "हे मला माहीत नाही, सांगाल का?" हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा. ज्याला आपली जागा आपली वाटते, तोच मोकळेपणाने विचारतो.

४. रजा घ्या. हक्काची रजा म्हणजे खाडा नव्हे. रात्रपाळीनंतरची सुट्टी झोपेसाठी आहे. सात तास झोप ही चैन नाही.

५. तपासणी करा. वयाची तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर वर्षातून एकदा तरी मोजावी. आरोग्य उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळी सुरू झाली तर मनाने बंद करू नका.

६. एकटे राहू नका. विहारात महिन्यातून एकदा नोकरी करणाऱ्या मुला-मुलींची बैठक घ्या. "मलाबी असंच वाटतं" हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की अर्धे ओझे उतरते.

७. शंका आणि छळ यांत फरक करा. कुणी जातीवरून बोलत असेल, मुद्दाम काम अडवत असेल, चारचौघांत अपमान करत असेल, तर तो तुमच्या मनाचा प्रश्न नाही. त्यावर ध्यान आणि नोंदवही हा उपाय नाही. तारीख, वेळ, शब्द, साक्षीदार लिहून ठेवा, लेखी तक्रार करा, पोच घ्या, संघटनेला सोबत घ्या. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आपल्यासाठीच आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर मुलीने २२ मे २०१९ रोजी जीवन संपवले. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याची तक्रार तिच्या कुटुंबीयांनी केली आणि प्रकरण न्यायालयात गेले. आपल्या लेकीने घरी फोन करून "इथं त्रास होतो" असे सांगितले, तर "सहन कर, शिक्षण पूर्ण कर" असे म्हणू नका. तिचे पूर्ण ऐका आणि त्याच आठवड्यात तिच्याकडे जा.

८. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, जगून काय उपयोग असे विचार येतात, तर हा आता सवयीचा प्रश्न राहिलेला नाही. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा. १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीतून बोलता येते. त्यात कमीपणा नाही.

आई-वडिलांनाही एक विनंती. "आपल्याला दुप्पट करून दाखवायचंय" हे आपण लेकरांना प्रेमाने सांगतो. कधीतरी "झालं तेवढं पुष्कळ झालं, आता जेव" हेही सांगत जा.

बँकेतली ताई तीन महिन्यांनी पुन्हा भेटली. डॉक्टरांनी गोळी सुरू केली होती, रक्तदाब १३२/८४ वर आला होता. भीती पूर्ण गेली का, असे विचारल्यावर म्हणाली, "नाही ताई. पण आता ती आली की वही काढून बसते." तिने एक सोमवार रजा घेतली होती. कशासाठी, तर काहीच कारण नव्हते. आईशेजारी ओट्यावर बसून शेंगा फोडल्या, म्हणाली. आई दिवसभर तिला विचारत होती, "आज बँक बंद हाय का गं?"

विहारातील बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात 'खाडा' या शब्दाची भीती कशी शिकवली गेली? आज ती भीती कुठे खरी आहे आणि कुठे नुसती उरली आहे?

२. गेल्या महिन्यात तुमचे कौतुक झाले तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलेत? नुसते "धन्यवाद" म्हणता आले असते का?

३. आपल्या गावातले नोकरीला लागलेले कोण कोण असे आहेत, ज्यांना "तू कसा आहेस?" असे आपण बऱ्याच दिवसांत विचारले नाही?